गोधडीचा उपास

ईरा आणि निहार,

ईरा, लोकांची घरं तू सजवतेसच, आता स्वतःच्या नव्या घराच्या सजावटीसाठी तू जो फोटोंचा फलक पाठवलास, त्याला मूडबोर्ड म्हणतात हे मला आता माहीत झालं आहे. मी तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. रंगीत हवा का, असं दुकानदाराने विचारलं नाही, आणि माझा चष्मा घरी राहिला होता. त्यामुळे तुझी नीळ, तुझा हळदी आणि ‘उन्हात वाळलेल्या मातीचा’ म्हणून जो कुठला रंग होता तो, सगळे राखाडी आले. तो राखाडी कागद पर्समध्ये घालून मी चार दिवस खानदेशात फिरले. पुढे जे रंग तुझ्या वाट्याला येतील त्याबद्दल माझ्याकडे तक्रार करू नकोस.

तुम्ही दोघा भावंडांनी आईबाबांच्या घरातून उठून मेलबर्नमध्येच वेगळं घर घेतलंत याचं मला कौतुक आहे. काळजी करायचं काम तुमच्या बाबाने घेतलेलं आहे, तेव्हा मी त्यात पडत नाही. फलकाखाली ईराने तीन वस्तू लिहिल्या होत्या. दिव्यावर बसवायला बांबूची विणलेली टोपी, खुर्च्यांसाठी हाती विणलेल्या धाग्याच्या बैठका, आणि मोठ्या भिंतीवर टांगायला हाताने शिवलेली गोधडी. ‘आजी, दारातून आत आल्याबरोबर कळलं पाहिजे आपण कुठले आहोत.’ सात वर्षं तुम्ही इकडे फिरकला नाहीत, तेव्हा ते सांगायचं काम भिंतीवरच येणार हे उघड आहे. नव्या घराचं पहिलं जेवण ठरलंय, मित्रमंडळी येणार आहेत, त्याआधी गोधडी पोचली पाहिजे, बाकीचं राहिलं तरी चालेल, असंही तू बजावलंस. म्हणून हे सगळं वर्णन शेवटी त्या गोधडीचंच आहे. निहारने जोडाक्षरं बहिणीकडून वाचून घ्यावीत.

सोबतीला तुमच्या आजोबांची धाकटी बहीण कुसुम होती. ती माझी नणंद, माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सगळं धुळं तिला अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते. मी एकतीस वर्षं देवपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. अक्का त्याआधीपासून माझ्याशी अहिराणीत बोलते. एकमेकींना सुधारायचा नाद आम्ही दोघींनी कधीच सोडला. गाडी प्रकाशभाऊंची होती. ते पन्नाशीचे, शांत गृहस्थ आहेत, पण चहाची टपरी दिसली की त्यांच्या गाडीचा ब्रेक आपोआप लागतो.

पहिला दिवस: पिंपळनेर

पांझरेवरचा पूल ओलांडून आम्ही पश्चिमेला निघालो. साक्रीपर्यंत आपला ओळखीचा मुलूख, सपाट आणि तपकिरी, वेचणी संपत आलेला कापूस, रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेले त्याचे पुंजके. साक्री मागे पडली की डोंगर जवळ येतात, हवा गार होते आणि माणसं हळू बोलायला लागतात. पिंपळनेरच्या पुढे एका पाड्यावर टोपल्या विणणारे मधुकरआबा राहतात, असं प्रकाशभाऊंना माहीत होतं. तिथे पोचेपर्यंत तीन चहा झाले.

आबा अंगणात उकिडवे बसून बांबूच्या पट्ट्या सोलत होते. मी राखाडी कागद पुढे केला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा.

“हे तर कोंबड्यांचं डालं आहे,” ते म्हणाले. डालं म्हणजे कोंबड्या झाकून ठेवायची मोठी, घुमटासारखी टोपली.

“माझ्या नातीला ते दिव्यावर हवंय.”

आबांनी हातातला कोयता खाली ठेवला. “दिवा पळून जातो का तिकडे?”

ईरा, याचं उत्तर मी एकतीस वर्षांच्या अध्यापनात शिकले नव्हते. दिव्याची सावली छान पडते, असं काहीतरी म्हणाले. आबांनी मान हलवली, पण ती माझ्या वयाकडे पाहून. लहान डालं आहे का, असं विचारलं तर म्हणाले, “लहान कसं करणार? कोंबडी मावायला नको?” शेवटी त्यांच्या घरातलं सगळ्यात लहान डालं घेतलं. त्यात एक कोंबडी आणि तिचं पूर्ण कुटुंब आरामात राहिलं असतं.

दुपारी आबांच्या सुनेने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. नागली म्हणजे नाचणी, आणि तिची भाकरी चॉकलेटच्या रंगाची असते. निहारने त्या आशेने खाऊ नये. आपल्याकडे ज्वारीत उडीद घालून कळण्याचं पीठ दळतात आणि भाकरी तिखटाबरोबर खातात. इथे उडीद पातेल्यात आणि नागली तव्यावर, दोघांनी वेगवेगळा संसार मांडलेला. दोन तासांच्या रस्त्यावर पीठ बदलतं, भाषा बदलते, चहातलं दूध जातं. अक्काला बिनदुधाचा चहा आजाऱ्याचा वाटतो. तिने तो औषधासारखा एका दमात संपवला.

डालं डिकीत मावलं नाही. टपावर बांधायला दोरी नव्हती. मागच्या सीटवर ते एकाच प्रकारे बसत होतं, अक्काच्या डोक्यावरून कमरेपर्यंत. साक्रीला प्रकाशभाऊंचा ब्रेक लागला तेव्हा एका बाईने काचेतून आत डोकावून विचारलं, “कितल्या कोंबड्या शेतस व?”

“एकच शे,” अक्का आतून म्हणाली, “ती बी म्हतारी.”

दुसरा दिवस: पारोळ्याजवळ

रात्री घरी झोपून सकाळी उलट्या दिशेला निघालो. पारोळ्याचा किल्ला भर गावात आहे. लोक त्याच्या शेजारी भाजी घेतात आणि तो आहे की नाही याची फिकीर करत नाहीत. तुमच्या तिकडे दोनशे वर्षांची भिंत सापडली तर लोक तिच्याभोवती साखळी लावतात, असं तुमच्या बाबाने मला दाखवलं होतं. इथे तिच्या सावलीत स्कूटर लावतात.

अक्काचं सासर पारोळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात. तिथे सोनामाय राहते. वय ऐंशीच्या आसपास, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि उजवा, तिच्याच शब्दांत, निम्मा चालू. दोन महिन्यांपूर्वी अक्काच्या हाती मी तिच्याकडे जुन्या कपड्यांचं गाठोडं पाठवलं होतं. माझ्या चार सुती साड्या, तुमच्या आजोबांच्या दोन लुंग्या, निहारच्या पाळण्यातली चादर आणि ईराचा बदकांचा फ्रॉक. नव्या कापडाची गोधडी सोनामाय शिवत नाही. नव्या कापडाला अजून कोणी ओळखत नाही, असं तिचं म्हणणं.

आम्ही ओसरीवर बसलो आणि तिने गोधडी उलगडली. ईरा, तुझ्या नीळ-हळदीचं मी आधीच सांगून ठेवते. माझी एक साडी जांभळी होती आणि एक पोपटी. आजोबांच्या लुंग्या चौकटीच्या होत्या. त्या सगळ्यांच्या मधोमध बदकं बसली आहेत. पण टाके बघ. कडेकडेने धावदोरा घालत ती आत आत आली आहे, आणि डोळा जसजसा थकत गेला तसतसे टाके लांब होत गेले आहेत. कडेचे तांदळाएवढे, मधले शेंगदाण्याएवढे. एक कोपरा तेवढा चार बोटं उघडा होता.

मी कागद काढून भिंत दाखवली. ही इथे टांगायची आहे.

सोनामायने कागद निम्म्या चालू डोळ्याजवळ नेला. “भितले थंडी वाजस का व?”

अक्का खांबाला टेकून हसायला लागली. तिच्याकडून मदत मिळणार नाही हे कळल्यावर मी एकटीनेच सांगितलं, की ही कला आहे, आल्यागेल्याने बघावी म्हणून.

“मंग पांघराले काय शे तिले?”

“तिच्याकडे पिसांची रजई आहे.”

“कोंबडीना पिसंस्नी?”

“बदकाच्या.”

“मंग डालामा झोपस का ती?” गाडीतलं डालं तिने येताना पाहून ठेवलं होतं.

मग ती एकदम कामाचं बोलली. “हाई मनी शेवटली गोधडी. आते दोरा सुईमा जात नही, सुई बोटमा जास.” हे तिने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि आत हाक मारून कळण्याच्या भाकरीचा तुकडा मागवला. तो बिस्किटाएवढा तुकडा माझ्या तळहातावर ठेवून उघड्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. रीत अशी, की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी गोधडीला घास भरवायचा, आणि तो त्या घरच्या बाईने भरवायचा. उपाशी गोधडी माणसाला झोपू देत नाही. सोनामायच्या दिराने एकदा घाई केली आणि गोधडी उपाशीच नेली. त्याची झोप उडाली. झोप नाही म्हणून तो पारावर बसायला लागला, पारावर बसून राजकारण करायला लागला आणि शेवटी सरपंच झाला. गाव ते अजून भोगतंय.

मी घास आत सरकवला. सोनामायने चाचपडत बारा टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि गोधडीवर थाप मारली. मी वहीत ‘चालीरीती’ या मथळ्याखाली नोंद केली आणि मला फार बरं वाटलं. दुसरा कुठलाही विचार माझ्या डोक्यात आला नाही, हे मी इथे कबूल करते.

जेवायला शेवेची भाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सोनामायला वाटलं गोधडी पाहून. मी दुरुस्ती केली नाही.

तिसरा दिवस: केळीच्या मुलखात

जळगावला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी तापीपलीकडे गेलो. इथे भाषेतला ‘शे’ मागे राहतो आणि ‘हाये’ सुरू होतो. अक्का गप्प होते, कारण तिला हे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात असं वाटतं. त्यांना तिच्याबद्दल काय वाटतं ते तिने विचारलेलं नाही. दोन्ही बाजूंना केळीच केळी. ओलसर हिरव्या बोगद्यातून गेल्यासारखा रस्ता. कापसाच्या उघड्या रानातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा गुदमरल्यासारखं होतं, मग एकदम तहान भागल्यासारखं.

हेमलताबाईंच्या घरी केळीच्या खोडापासून धागा काढतात. घड कापल्यावर खोड पूर्वी बांधावर फेकून देत. आता ते फाडून यंत्रात घालतात, पलीकडून ओले सोनेरी केस निघतात, ते वाळवून पीळ देतात आणि गावातल्या बायका त्यांच्या बैठका विणतात. हात लावला तर रेशीम आणि सुतळी यांचं लग्न झाल्यासारखं वाटतं.

“बाई, या धाग्यानं आम्ही भाजीच्या जुड्या बांधायचो,” हेमलताबाई म्हणाल्या. “आता त्यावर लोक बसतात. चांगलं हाये, पण हसू येतं.”

त्यांचं घर नवं आहे. दिवाणखान्याच्या छताला तीन पायऱ्यांचं प्लास्टर, त्यात निळे, गुलाबी आणि हिरवे दिवे आळीपाळीने लागतात. शोकेसमध्ये प्लास्टिकच्या केळ्यांचा घड ठेवला आहे. खिडकीतून बाहेर बघावं तर नजर पोचेल तिथपर्यंत खरी केळी. त्यांनी माझी नजर पकडली.

“खरी ठेवली की काळी पडतात,” त्या म्हणाल्या, “आणि पाहुणे खाऊन टाकतात.”

ईरा, ‘आपण जिथले आहोत ते घरात दिसलं पाहिजे’ हा तुझा सिद्धांत यापेक्षा चोख पाळलेला मी कुठे पाहिला नाही. निघताना त्यांनी विचारलं, की तुमची नात एवढी घरं सजवते तर माझ्या छताला अजून काय लावता येईल ते विचाराल का. विचारते म्हणाले. विचारलं आहे.

भरीत त्यांच्याकडेच खाल्लं. हिरवी, दुधी भोपळ्यासारखी लांब वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी भांड्यात ठेचलेली, वर हिरवी मिरची, शेंगदाणे आणि तेल. केळीच्या पानावर पुऱ्यांबरोबर. अक्काने तीनदा घेतलं आणि त्यानंतर तिला तिथली भाषा कळायला लागली.

चौथा दिवस: जळगावातलं कुरिअर आणि पुन्हा मागे

सकाळी तिन्ही वस्तू घेऊन आम्ही परदेशी पार्सल घेणाऱ्या एका दुकानात गेलो. काउंटरवरची बाई नम्र होती आणि तिच्यापुढे चार पानांचा फॉर्म होता. डालं पाहून ती उभी राहिली. बांबू तिकडे असा जात नाही, त्याला औषध मारल्याचा कागद लागतो, आणि हे मावेल असं खोकंही तिच्याकडे नव्हतं. केळीचा धागा म्हणजे झाडाचा भाग, तोही नको. दोन वस्तू दोन मिनिटांत बाद झाल्या. मग तिने गोधडी उलगडली आणि तिचा चेहरा बदलला.

“किती सुरेख आहे, मावशी. सुती कापड, धुतलेलं, हे जाईल. आजच्या गाडीने निघालं तर तुमच्या तारखेच्या आत पोचेल.” फॉर्मवर खुणा करत ती पुढे म्हणाली, “आत काही खाण्याचं नाही ना? सगळ्यांनाच विचारावं लागतं.”

अक्काने माझ्या दंडाला चिमटा काढला. मी म्हटलं, “आहे.”

“काय आहे?”

“भाकरी. कळण्याची.”

तिने पेन खाली ठेवलं. “गोधडीत?”

“एक तुकडा. तिला भूक लागू नये म्हणून.”

तिने फॉर्म बाजूला सरकवला. मग ती फार सौम्यपणे म्हणाली, की असं लिहिलं तर तिकडे पार्सल उघडतील आणि बहुधा जाळून टाकतील, आणि न लिहिता तिला पाठवता येणार नाही. तुकडा काढून आणलात तर घेते. धुळ्याच्या शाखेतही आज सहापर्यंत घेतात.

बाहेर आल्याबरोबर अक्का सुरू झाली. “नही म्हनीसन सही करी देवानी. कोनले दिसस?”

“तिकडे कुत्री असतात, अक्का. पेट्या हुंगतात.”

“तठला कुत्रास्ले कळनानी भाकर माहीत शे का?”

मी सांगितलं, की नोकरीत मी एकाही गैरहजर मुलाची हजेरी लावली नाही. अक्का म्हणाली, “म्हनीसन तुना वर्गमा कोनी बसे नही.”

प्रकाशभाऊंनी मधला मार्ग काढला. बारा टाके तर आहेत, त्यांच्याकडे ब्लेड होतं, गाडीच्या बॉनेटवर दोन मिनिटांचं काम. मी गोधडी पुढे केली, तोच अक्काने ती हिसकावून घेतली. सोनामायला विचारल्याशिवाय एकही टाका उसवायचा नाही. एका आख्ख्या देशाच्या सरकारशी खोटं बोलायला ती दोन मिनिटांपूर्वी तयार होती. सोनामायशी नाही. मी वाद घातला नाही, कारण मनातून मलाही ते पटलं होतं.

पारोळ्याजवळच्या त्या ओसरीवर परत पोचलो तेव्हा दीड वाजला होता. आमच्याआधी बातमी पोचली होती, कारण अक्काने वाटेत फोन केला होता.

“जेवनाराना तोंडमातून घास काढतस का व, मास्तरीन?” सोनामायने मला बसू द्यायच्या आत विचारलं.

मी नीट समजावून सांगितलं. तो देश समुद्राने वेढलेला आहे. बाहेरचं अन्न आत येऊ देत नाहीत.

“भाकरले भितस ते लोके?”

“तसं नाही. अन्नातून कीड जाते म्हणून.”

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

“मनी भाकरमा कीड?”

ती उठली, गोधडी चौपदरी घडी करून ओसरीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. ऐंशी वर्षांची बाई आपल्या गोधडीवर बसल्यावर काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. घड्याळात दोन वाजून गेले. अक्का तुळशीपाशी जाऊन पानं मोजत असल्यासारखं करू लागली. प्रकाशभाऊ चहा शोधायला गेले. मी तिच्या शेजारी बसले आणि तो राखाडी कागद पुन्हा काढला. मोठ्या भिंतीवर बोट ठेवून म्हटलं, की ही जागा तिने रिकामी ठेवली आहे. दुसरं काही लावणार नाही म्हणते. आपण कुठले ते तिला घरात दिसायला हवंय.

सोनामायने कागद घेतला नाही. “तिले भाकर कराले येस का?”

“नाही.”

“मंग ती आठली कशी?”

ईरा, तू इथलीच आहेस म्हणून मी तुझी बाजू घेणार होते. तू काय काय शिकलीस, किती घरं उभी केलीस, सगळं जिभेवर आलं होतं. पण मला स्वतःला लग्नाआधी भाकरी येत नव्हती, आणि ती मला अक्काच्या आईने कशी शिकवली ते अक्का बारा पावलांवर तुळशीशी उभी राहून ऐकत होती. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

सोनामायने त्या पर्सकडे निम्म्या चालू डोळ्याने पाहिलं. मग ती गोधडीवरून उठली आणि म्हणाली, “परवासमा उपास चालस.”

प्रवासात गोधडीने उपास केला तरी चालतो, हे मला आधी कळलं नाही. तिने कोपरा चाचपून शोधला, चहा पिऊन परतलेल्या प्रकाशभाऊंचं ब्लेड मागून घेतलं आणि न बघता, नुसत्या बोटांनी, एकेक करून बाराही टाके उसवले. घास बाहेर काढला. दोन दिवसांत तो दगड झाला होता आणि त्याला दोऱ्याची कुसं चिकटली होती. तो तिने माझ्या पुढे धरला.

“खाय.”

“मी?”

“तू टाकेल शे, मंग तूच खाय. घास फेकतस नही.”

मी खाल्ला. चवीबद्दल लिहीत नाही. अक्का तुळशीपासून बघायला जवळ आली, तिला हे चुकवायचं नव्हतं.

मग सोनामायने सुई माझ्या हातात दिली. दोरा ओवायला मला चष्मा पुसून तीन खेपा लागल्या. ती सुई तिने उघड्या कोपऱ्याच्या आत आडवी टोचून ठेवली आणि अटी सांगितल्या. ईरा, तुझ्या घरात, तुझ्या हाताने, चुलीवर जे भाजलं जाईल त्याचा घास. गॅसची चूल चालते. तो तूच भरवायचा आणि बारा टाके तूच घालायचे. एक रात्र तरी कोणीतरी ती पांघरून झोपायचं. त्यानंतर भिंतीवर टांगा नाहीतर छताला लावा, तिचं काही म्हणणं नाही.

“पाव चालेल का?” मी विचारलं. तुमचं घर मला माहीत आहे.

तिने बराच विचार केला. “घरमा भाजेल व्हई ते चाली.”

निघताना तिने गोधडीवर हात फिरवला. “शेवटला टाका आते मना नही,” ती अक्काला म्हणाली, “हिनी नातना.” आणि हे सांगताना ती, मला वाटतं, खुशीत होती.

देवपूर

धुळ्याच्या शाखेत आम्ही साडेपाचला पोचलो. फॉर्म मी स्वतः भरला. अन्नपदार्थ: नाहीत. धातूच्या वस्तू: एक सुई, पांढऱ्या दोऱ्यासकट. आणि खाली सही केली.

डालं माझ्या जेवणाच्या टेबलावर टांगलं आहे. दिवा लावला की भिंतभर जाळीची सावली पडते, तू म्हणाली होतीस तशीच. अक्का त्याखाली बसली की कोठडीत बसल्यासारखी दिसते, असं प्रकाशभाऊ म्हणाले आणि त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. केळीच्या बैठका माझ्या खुर्च्यांवर आहेत. त्यांचे सोनेरी केस अक्काच्या लुगड्याला चिकटतात. म्हणजे तुझ्या फलकातल्या दोन तृतीयांश वस्तू सध्या देवपुरात आहेत आणि त्या कशा दिसतात ते इथे येऊनच बघावं लागेल. फोटो मी पाठवणार नाही.

भाकरीचं सांगते. ज्वारीचं पीठ तिकडे भारतीय दुकानात मिळतं, तुमच्या आईला विचारा. पाणी कडकडीत हवं. पीठ तळहाताने मळायचं, बोटांनी नाही. पहिली फाटेल, दुसरीही फाटेल. घासाला फाटलेली चालते.

सोनामाय रोज सकाळी अक्काला फोन करते. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही विचारत नाही. एवढंच विचारते, “जेवनी का ती?” अक्का फोन माझ्याकडे देते आणि मी सांगते, अजून वाटेत आहे, उपास आहे.

— आजी